खंडोबाचा पहिला नारळ आणि ह्यांचा आखडलेला खांदा

यंदा चंपाषष्ठीला गावच्या खंडोबापुढचा पहिला नारळ ह्यांनी वाढवायचा, असा आक्कांचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत दणके ऐकू यायला लागले.

नव्या वाचकांसाठी सांगते. 'हे' म्हणजे माझे यजमान. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. धाराशिव जिल्ह्यात बेंबळीच्या पुढं आडरस्त्याला आमचं गाव आहे, तिथं त्या राहतात. गावच्या जत्रेतल्या पहिल्या नारळाचा मान ह्यांच्या घराण्यातल्या थोरल्या पुरुषाचा. इतकी वर्षं तो माझ्या थोरल्या दिरांकडे, म्हणजे दादांकडे होता. दादा मागच्या वर्षी गेले. आता थोरले हेच.

एवढंच असतं तर हा लेख मी लिहिलाच नसता. पण ह्या मानाला एक अट आहे. हा नारळ एका फटक्यात फुटावा लागतो. दुसरा फटका लागला तर मान चुलत घराण्याकडे, म्हणजे बापूंकडे जातो. बापू हे ह्यांचे चुलतभाऊ, वयानं थोडे लहान, गावातच शेती करतात. ही अट ह्यांनी लहानपणापासून ऐकलेली. कॉलेजसाठी गाव सोडलं, पुढं नोकरी, आणि डिसेंबरात कधी रजाच मिळाली नाही. त्यामुळं लहानपणी मोठ्यांच्या पायांमागून पाहिली तेवढीच; पुढं ह्यांनी ही जत्रा पाहिलेलीच नाही. दरवर्षी फोनवर विचारायचे, "दादा, नारळ?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "एका फटक्यात!"

आता दादांच्या जागी हे. आणि ह्यांचा उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडलेला. हात छातीच्या वर जात नाही. शर्ट मी घालून देते. डाव्या हातानं देवाचं काही करत नाहीत, त्यामुळं तीही वाट बंद.

"मग सांगा ना बापूंना, खांदा धरलाय म्हणून. फोडू देत त्यांना," मी म्हणाले.

"दादा गेल्यावर पहिल्याच वर्षी मान घालवू? लोक म्हणतील, पुण्याला गेला आणि हातातनं गेला."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. गावात आता जमीन बापू कसतात, घर आक्का सांभाळतात. ह्यांचं म्हणावं असं तिथं दुसरं काही उरलेलं नाही. हा नारळच काय तो.

तर सराव सुरू झाला. पहिला नारळ कठड्यावरून उसळून खालच्या मजल्यावरच्यांच्या तुळशीत पडला. पुढचे कुठंकुठं फुटले, कुठंकुठं नाही, पण खाल्ले मात्र सगळे आम्हीच. नारळीभात झाला, वड्या झाल्या, चटण्या झाल्या, सोलकढी झाली. शेवटी मी साखरेचा डबा लपवला. मग एके दिवशी आवाज अचानक बंद झाले.

"जमलं वाटतं?"

"जमेल," हे म्हणाले, आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

विम्याचे दावे तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. 'जमेल' ह्या शब्दामागं काहीतरी लपलेलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण निघायची घाई होती. एक नारळ ह्यांनी स्वतःच लाल फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. मला हात लावू दिला नाही. देवाचं आहे म्हणून असेल, असं मी समजले.

रस्ता

गाडी अर्थातच मी चालवली. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून डावीकडे वळून कुर्डुवाडी, बार्शी आणि येडशी. पहाटे निघालात तर येडशी जेवणाच्या आधी गाठता येते. टेंभुर्णीपर्यंत रस्त्याबद्दल तक्रार नाही. पुढं मात्र हे दिवस ऊसतोडीचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून डुलत जातात, मागं दिवा नसतो, आणि गाणं मात्र आपल्या गाडीत ऐकू येईल इतक्या आवाजात असतं. अंधार पडल्यावर ह्या रस्त्याला जाऊ नका. ज्यांना घाई आहे त्यांनी एक दिवस आधी निघावं.

बार्शीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. तिथं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळाली. चटणीवर तेल मागून घ्या, न मागता मिळत नाही. दोघांचं मिळून शंभराच्या आत भागलं.

गाडीत मी ह्यांना नारळाचा अर्थ समजावला. शिकलेल्या बायकोचा नवऱ्याला एवढा त्रास असतोच. वरचा काथ्या म्हणजे आपल्या वासना, त्या आधी सोलून काढायच्या. कडक करवंटी म्हणजे अहंकार. आतलं पांढरं खोबरं म्हणजे स्वच्छ मन, आणि पाणी म्हणजे भक्ती. देवाच्या पायरीवर अहंकार आपटायचा, म्हणजे आतलं निर्मळ ते देवाला पोचतं. शेंडी तेवढी ठेवायची, कारण देवापुढं जाताना थोडी लाज झाकलेली बरी. हे शेवटचं माझं.

"म्हणजे अहंकार फोडायचा," हे म्हणाले.

"हो."

"एका फटक्यात?"

"तसं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही."

त्यानंतर येडशीपर्यंत हे खिडकीतून तुरीची शेतं बघत बसले.

रामलिंग

येडशी स्टेशनच्या जवळच रामलिंगचं अभयारण्य आहे. महादेवाचं देऊळ खाली दरीत आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, कारण उतरताना देव आठवतो आणि चढताना डॉक्टर. पावसाळ्यात इथं धबधबा असतो. आम्ही गेलो तेव्हा दगडावरून बोटभर पाणी ओघळत होतं, पण झाडी गच्च आणि सावली गार. रावणाशी लढून जटायू इथंच पडला, असं इथले लोक सांगतात.

जटायूचं मला माहीत नाही, पण माकडं नक्की आहेत, आणि ती कोणाशीही लढतात. पिशवी हातात घेऊन उतरू नका, असं मी ह्यांना तीनदा सांगितलं. हे नारळाची पिशवी छातीशी धरून उतरले. नारळ गाडीत ठेवला तर चोरीला जाईल म्हणे.

देवळाच्या आवारात हे चप्पल काढायला वाकले आणि तेवढ्यात एका मोठ्या माकडानं पिशवी ओढली. लाल फडकं सुटलं, नारळ घेऊन ते कट्ट्यावरच्या भिंतीवर चढलं. हे खालून, "अरे, तो देवाचा आहे! देवाचा आहे!" असं ओरडायला लागले. माकडानं नारळ कानाशी धरून हलवला, अगदी बाजारात आपण हलवतो तसा, आणि खालच्या फरशीवर टाकून दिला.

नारळाची दोन शकलं झाली. बरोबर मधोमध, पट्टीनं आखल्यासारखी.

शेजारी हार विकणारी बाई होती. ती म्हणाली, "अगं बया! एका फटक्यात फोडला की वानरानं!"

मी एक शकल उचललं. कडेला करवतीची रेघ. करवंटीच्या आरपार जाईल न जाईल इतकी, गोलाकार, नीट घासलेली. रेघेत मेण भरून वरून काथ्याचं पीठ चोळलेलं. बाल्कनीचा आवाज का थांबला, ते आता कळलं.

मी ह्यांच्याकडे नुसती बघत राहिले. नोकरीत असताना ह्या बघण्यानं पुष्कळ लोकांनी आपले दावे मागे घेतले आहेत.

"पाणी गळलं नव्हतं," हे शेवटी म्हणाले. "सहा नारळांवर करून बघितलं होतं मी."

"तडा गेलेला नारळ देवाला चालत नाही, हे तुम्हाला माहीत नाही?"

"तडा नव्हता. रेघ होती."

असं उत्तर ह्या जिल्ह्याबाहेर जन्मलेल्या माणसाला सुचणार नाही.

धाराशिव, गुलाबजाम आणि कबुली

येडशीहून धाराशिव जवळ आहे. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी दुकानदार बोलताना दोन्ही नावं घेतात आणि कोणाचं काही अडत नाही. इथं गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही. मोठे, गडद, पाकात मुरलेले असतात. जवळ भूम-वाशीकडं खवा चांगला होतो, त्याचं हे पुण्य. डॉक्टरांनी मना केलेल्यांनी एकच खावा आणि घरी सांगू नये.

ह्यांनी दोन खाल्ले. पहिला संपल्यावर म्हणाले, "हसायचं तर हस. पण मला दादांसारखा फोडता येणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग एवढं कशाला?"

"अगं, मी गावात गेलो की सगळे 'या पावणे' म्हणतात. माझ्याच गावात. दादा होते तोवर त्यांचा भाऊ म्हणून तरी काही होतो. आता तो नारळ माझ्या हातून फुटला नाही तर मी तिथं नुसता पाहुणा. चहा प्यायचा आणि परतीची गाडी धरायची."

मी अहंकार फोडण्याचा अर्थ पुन्हा सांगायला तोंड उघडलं होतं. अहंकार फोडायचा विधी, आणि त्यात आपला फुटू नये म्हणून घरूनच करवतीची सोय, हे वाक्य तयारही होतं. पण समोरच्या माणसाच्या मिशीला पाक लागला होता. अशा वेळी सत्य सांगू नये. मी रुमाल दिला.

तुळजापूर

मुक्काम तुळजापूरला केला. देवळाच्या आसपास लॉज पुष्कळ आहेत. आधी खोली बघा, गरम पाणी कधी येतं ते विचारा आणि मगच सामान वर न्या. हजाराच्या आसपास स्वच्छ खोली मिळते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळलीत तर दर्शन सुखानं होतं.

सकाळी दर्शन झालं आणि आम्ही नवा नारळ घ्यायला एका दुकानात थांबलो. दुकान चालवणारी बाई माझ्या वयाची, कपाळभर मळवट, आणि जिभेला धार.

"एका फटक्यात फुटणारा द्या," हे म्हणाले.

बाईनं ह्यांना खालून वर न्याहाळलं. "नारळ कसाबी असू द्या, मालक. फुटायचं का न्हाय ते हातावर हाय."

"हात दुखतोय."

"मग बाईच्या हातानं फोडा की." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "न्हाय फोडू देत ना? म्हायती हाय मला. आमी इकायचा, आमी सोलायचा, आमी चटनी वाटायची. फोडायपुरता तेवढा बाप्यांचा हात!"

नारळाचा अर्थ मी तिलाही विचारला. तिनं एक नारळ उचलून माझ्यापुढं फिरवला. "हे बगा. दोन डोळे, एक तोंड, वर शेंडी. हे माणसाचं डोकं हाय. पूर्वी देवाला डोकंच द्यायचे म्हनं. देव म्हनला, नगं, ह्याच्यावर भागवू. तवापासनं आपलं डोकं खांद्यावर राहिलंय. आता त्यात काय हाय-न्हाय ते ज्याचं त्यानं बघावं."

माझ्या वासना-अहंकार-भक्तीपेक्षा हे मला जास्त पटलं, पण ह्यांच्यासमोर कबूल केलं नाही. तिनं निवडून दिलेला नारळ जड होता, डोळे कोरडे, आत पाणी खळखळत होतं. ह्या वेळी तो माझ्या पिशवीत गेला.

गाव

बेंबळी मोठं गाव आहे. चहा, पेट्रोल, टायरची हवा, सगळं तिथंच उरकून घ्या. पुढं रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, हरभरा जमिनीबरोबर हिरवा होता. हुरड्याला अजून अवकाश होता, नाहीतर आम्ही दोन दिवस उशिरानंच पोचलो असतो.

वेशीतच बापू भेटले. अंगानं दांडगे, पांढरा सदरा, भंडाऱ्यानं कपाळ पिवळं. गाडीच्या खिडकीत तोंड घालून म्हणाले, "या या, अण्णा! पुण्याचे पावणे आले! खांदा कसा हाय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आक्कांना फोनवर सांगितलं होतं, आणि आक्कांना सांगितलेलं गावाला सांगावं लागत नाही.

"ठीक आहे," हे म्हणाले.

"काळजी करू नका. न्हाय जमलं तर म्या हायेच मागं." बापूंनी मिशीतल्या मिशीत हसून गाडीच्या टपावर थाप मारली.

गाडी पुढं गेल्यावर हे म्हणाले, "बघितलंस? टपूनच बसलाय."

आक्का ओट्यावर उभ्या होत्या. दादा गेल्यानंतर त्या बारीक झाल्यात, पण आवाज तोच. "आलाव व्हय? किती उशीर ओ! हातपाय धुवा, मी च्या टाकते." ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, सदरा त्यांचा काढून ठिवलाय. उद्या तोच घाला. सैल हाय, खांद्याला बरा."

दादांचा सदरा ह्यांना खरंच सैल झाला. हे आरशापुढं बराच वेळ उभे होते.

चंपाषष्ठी

ज्यांना ही जत्रा बघायची आहे त्यांच्यासाठी एकच सूचना: जुने कपडे घाला. भंडारा, म्हणजे देवाची हळद, कपड्यांतून निघत नाही. पांढरी साडी नेसून आलेली एक पाहुणी मी पिवळी होऊन घरी जाताना पाहिली.

देऊळ लहान आहे. पुढं दगडी दीपमाळ, आणि तिच्या पायाशी एक काळा दगड, नारळ फोडून फोडून मध्ये खोलगट झालेला. आक्का देवळात येत नाहीत, त्या दिवशी घरी नैवेद्याचा रगाडा असतो. त्यामुळं पूजेचं ताट माझ्या हातात आलं आणि मला अगदी दगडाजवळची जागा मिळाली. अंगण माणसांनी भरलेलं. पालखी आली, दिवट्या पेटल्या. हलगीवाला बापूंच्या शेजारी उभा राहून कातडं शेकत होता.

पुजाऱ्यानं नारळाला हळदीकुंकू लावून तो ह्यांच्या हातात दिला. "मानकरी, चला."

सगळं गप्प झालं. ह्यांनी हात वर नेला. छातीपर्यंत गेला आणि थांबला. तोंड वेडंवाकडं झालं. तिथूनच त्यांनी नारळ दगडावर मारला.

टप्प.

नारळाला काही झालं नाही. दगडाला तर नाहीच. मला ह्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो मला बघवला नाही. म्हणून मी बापूंकडे पाहिलं. आता हा माणूस पुढं येणार, हात पुढं करणार.

बापू ह्यांच्याकडे बघतही नव्हते. त्यांनी हलगीवाल्याकडे बघून भुवई तेवढी उचलली.

आणि हलगी अशी कडाडली की माझ्या हातातलं ताट थरथरलं. "येळकोट येळकोट, जय मल्हार!" चारी बाजूंनी एकदम आरोळी उठली. मुठी-मुठीनं भंडारा वर उडाला. क्षणात सगळं पिवळं झालं. समोरचं माणूस दिसेना, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. त्या पिवळ्या ढगात मला फक्त हे दिसत होते, कारण मी हातभर अंतरावर होते. ते मारत होते. दुसरा. तिसरा. चौथ्यापर्यंत मी मोजले, मग मोजणं सोडून दिलं. एकदा तर नारळ हातातून सुटून गडगडत गेला. हे गोंधळून चाचपडायला लागले, तेवढ्यात ढगातून एक अनवाणी पाय आला आणि त्यानं नारळ अलगद ह्यांच्याकडे सरकवला. पाय बापूंचा होता.

मग खाडकन आवाज झाला आणि माझ्या पायांवर गार पाणी उडालं.

हलगी जागच्या जागी थांबली. आरोळी थांबली. भंडारा हळूहळू खाली बसला. हे नखशिखांत पिवळे, हातात दोन शकलं: एक वाटीएवढं, एक टवक्याएवढं.

"एका फटक्यात!" बापू ओरडले. "अण्णानं एका फटक्यात वाढवला!"

"एका फटक्यात!" सगळं अंगण म्हणालं. कोणी हसत नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यातूनसुद्धा नाही. एक फेटेवाले म्हातारे तर पुढं येऊन ह्यांची पाठ थोपटून म्हणाले, "घराण्याचं रगात हाय. दादावानीच मारलाव बगा."

भरीत-रोडगा

जेवणाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा. चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, ते ह्या दिवशी सुटतं. आणि आक्कांचं भरीत खाण्यासाठी मी पुन्हा हा सगळा रस्ता चालवीन. बापूही पंगतीला होते. ह्यांचा घास हातातच राहिला होता.

"बापू," हे म्हणाले, "एका फटक्यात फुटला नाही."

"फुटला की."

"मी किती मारले ते मला माहीत आहे."

"फुटला तो एकाच फटक्यात की ओ अण्णा. आदीचे कोण मोजायलंय?"

"पण दादा..."

आक्का रोडगे थापता थापता हसल्या. "तुमचे दादा? त्यांला तर सात-आठ लागायचेच. एका सालाला नारळ दीपमाळंमागं गेला, आन् बापूभाऊजी रांगत जाऊन घिऊन आले."

"ते साल लई वंगाळ," बापू म्हणाले. "हलगीवाल्याचे हात दुखून आले. पोरं म्हनायली, बापू, एवढा भंडारा कुठनं आनायचा?"

ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. अख्खा जन्म दादांना पैलवान समजण्यात काढल्यावर ते असं पंगतीत ऐकायचं म्हणजे वेळ लागतोच. मग म्हणाले, "पण मग ती अट? दुसरा फटका लागला तर मान जातो, ही?"

"हाय की. लई कडक अट हाय." बापूंनी रोडग्यावर तूप मागितलं. "म्हनून तर आजवर कुनाचाच दुसऱ्यात फुटला न्हाय."

ह्यांना हसू फुटलं. मग ठसका लागला. मग पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. "आणि मी पुण्यात करवत आणली, बापू! करवत!" माकडाची सगळी कथा त्यांनी स्वतःच सांगितली, मला न विचारता, आणि मी सांगितली असती त्यापेक्षा पुष्कळ रंगवून. बापू इतके हसले की त्यांना ताटावरून उठावं लागलं. "आता हे गावाला सांगू का नगं, अण्णा?" "सांग की," हे म्हणाले.

आक्का हसता हसता थांबल्या. "म्या घरात असते ना, मला काय दिसत न्हाय. हलगी थांबली की वळखायचं, फुटला म्हनून. यंदाबी थांबली. घडीभर वाटलं, आमचे हेच गेल्यात देवळात." मग पदर सावरून म्हणाल्या, "भाऊजी, भरीत घ्या की. नुसतं बघायलाव काय?"

ह्यांनी भरीत घेतलं. दोनदा घेतलं.

तर नारळाचा अर्थ. पुस्तकातला अर्थ खोटा नाही. करवंटी म्हणजे अहंकार, हे मला आजही मान्य आहे. पण ज्यांनी तो लिहिला त्यांनी नारळ एकट्यानं फोडला असावा. पुस्तकात हलगी नव्हती.

परत

निघताना बापूंनी गाडीत तुरीच्या ओल्या शेंगा भरल्या आणि म्हणाले, "अण्णा, पुढच्या साली बी तुमीच. खांदा बरा करून आलाव तर मात्र हलगीवाला रुसंल." 'पावणे' म्हणाले नाहीत.

परतीला आम्ही नळदुर्गवरून सोलापूरचा रस्ता धरला. अंतर थोडं वाढतं, पण रस्ता रुंद आहे आणि किल्ला बघून होतो. किल्ल्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा, टोपी न्या, पाणी न्या. आम्हाला दोन तासच मिळाले, ते कमी पडले. ह्यांनी रस्ताभर बडबड केली. येताना तुरीकडे बघत बसलेला माणूस तो हाच का, असं मला वाटत राहिलं.

घरी येऊन गाडी धुतली. सीटवरची हळद निघाली नाही. आक्कांनी दिलेलं प्रसादाचं खोबरं मजल्यावर वाटून झालं. खालच्या मजल्यावरच्यांनी ते जरा सावधपणे हातात घेतलं. ह्यांचा खांदा आहे तसाच आहे, व्यायाम चालू आहे, शर्ट अजून मीच घालून देते.

संध्याकाळी मुलीचा, मुक्ताचा, बंगळूरहून फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, फुटला का एका फटक्यात?"

"कसला एका फटक्यात!" हे आरामखुर्चीत पाय पसरून म्हणाले. "सहा-सात तरी लागले. एकदा तर हातातून सुटून पळाला." हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मुक्ता थोडी घुटमळली. बापाचं मन दुखलं असेल, असं तिला वाटलं असावं. मग तिनं मला विचारलं. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो, कारण मी खोटं बोलत नाही आणि कोणाचं खपवून घेत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

"आई, खरं सांग. काय झालं?"

"एका फटक्यात फुटला," मी म्हणाले. "मी शेजारी उभी होते."